पक्षपंधरवड्यातला ठिपका

भाद्रपदातलं हे ऊन मला कधीच मानवलं नाही. गणपती गेले की आमचं शहर कानात दडे बसल्यासारखं गप्प होतं. मांडवांचे बांबू रस्त्याकडेला आडवे पडलेले असतात, पाऊस खरंच गेला की नुसता पाठ फिरवून उभा आहे ते कळत नाही, आणि ऊन मात्र वैशाखाला लाजवील असं तापतं. औरंगपुऱ्यातले साडीवाले दुपारचे गादीवर बसून डुलक्या घेतात, कारण पक्षपंधरवड्यात शुभ काही करायचं नसतं. गर्दी असते ती गवार, लाल भोपळा आणि अळूच्या पानांभोवती. आणि मान असतो तो कावळ्यांना. एरवी ज्यांना हुसकून लावायचं, त्यांना या दिवसांत गच्चीवर जाऊन हात जोडून बोलवायचं, आणि मेले यायला तयार नसतात! आमच्याकडे या कामावर माझी नेमणूक आहे, कारण शाळेत वर्षानुवर्षं हजेरी घेऊन माझा आवाज खणखणीत झालाय.

माणसाला नाव कशाला लागतं, याचं साधं उत्तर मला हजेरी घेतानाच मिळालं. हाक मारायला. मी नाव घेते, पोरगं 'हजर' म्हणतं, एवढ्यावर जग चालतं. कधी एखादं नाव पटावर असतं आणि पोरगं गाव सोडून गेलेलं असतं. मी सवयीनं नाव घेते, कुणीच बोलत नाही, आणि सगळा वर्ग त्या रिकाम्या जागेकडे मान वळवून बघतो. तेवढी शांतता मला सोसत नाही. पण याच्या उलटही काही असतं आणि ते याहून वाईट, हे मला माझ्या भावजयीमुळे कळलं. कुणीतरी असतं, आणि त्याला हाक मारायला नावच नसतं.

भावजय म्हणजे माधवी, माझ्या धाकट्या भावाची, सुधीरची बायको. माहेर पिशोरचं. शाळेत विज्ञान शिकवते. दोघं चिकलठाण्याला विमानतळाच्या बाजूला नव्या वसाहतीत तिसऱ्या मजल्यावर राहतात. त्यांच्या बैठकीच्या खोलीच्या छताला एक हूक आहे. पाळण्यासाठी बसवलेला. त्याला आता काही टांगलेलं नाही आणि तो काढायचंही कुणी म्हणत नाही. पंखा लावला की त्याची सावली त्या हुकावरून सारखी जाते, म्हणून मी तिथं नेहमी भिंतीकडे तोंड करून बसते.

पक्ष आला की मला दोन वर्षांपूर्वीचा पक्ष आठवतो. वडिलांच्या तिथीला मी त्यांच्याकडे गेले होते. आत सुधीर सोवळं नेसून बसला होता आणि गुरुजी एकेक नाव विचारत होते. वडिलांचं, आजोबांचं, पणजोबांचं. मग आईचं. आईला जाऊन तेव्हा फार दिवस झाले नव्हते. तिचं नाव पळीभर पाण्याबरोबर ताम्हनात पडलेलं ऐकताना मला गलबलून आलं. नाव आणि गोत्र नीट सांगा, गुरुजी म्हणत होते, नाहीतर पोचायचं नाही.

बाहेरच्या खोलीत माधवीनं पडदे ओढून घेतले होते आणि ती लॅपटॉपसमोर बसली होती. नैवेद्याला वेळ होता.

"ताई, इकडं या. रात्र बघायची का?"

बाहेर भर दुपार, आणि तिच्या पडद्यावर काळोख. कुठल्यातरी दूरच्या बेटावरच्या डोंगरावर एक दुर्बीण आहे, तिनं काढलेली छायाचित्रं शाळांना पाठवतात. आकाशाच्या एकाच तुकड्याची चार छायाचित्रं, थोड्या थोड्या वेळानं काढलेली. ती एकामागून एक फिरवत राहायची. तारे जागचे हलत नाहीत. जे सरकतं तो दगड. लघुग्रह. माधवीनं हा उद्योग वर्गातल्या मुलांसाठी सुरू केला होता. मुलांना आठवड्यात कंटाळा आला, घटक चाचण्या आल्या, मुलं सुटली. ही मात्र त्यात राहिली.

"बघा आता. काय सरकतंय का?"

मला राखाडी कोंडा सांडल्यासारखं दिसत होतं, दुसरं काही नाही. मग तिनं बोट लावलं. बोटाच्या टोकाखाली एक फिकट ठिपका होता. एक, दोन, तीन, चार अशी छायाचित्रं उलटायची, तसा तो जरा जरा पुढे जायचा, आणि पुन्हा पहिलं छायाचित्र आलं की मागे यायचा. पुढे, पुढे, पुढे, आणि मागे. रिकामा पाळणा हलतो तसा. रिकामा पाळणा हलवू नये म्हणतात. मी तिला म्हटलं, "बंद कर ते."

तिनं बंद केलं नाही. "काल सापडला," ती म्हणाली. "मी कळवलंय. अजून कुणाच्या यादीत नाय म्हणतात."

आत गुरुजी सुधीरच्या पणजीचं नाव विचारत होते आणि त्याला ते आठवत नव्हतं.

आता त्या हुकाबद्दल सांगायला हवं. त्या श्राद्धाच्या पाच वर्षं आधी, अशाच पक्षाच्या अखेरीला, माधवीला मुलगी झाली होती. पक्षात जन्मलेलं मूल म्हणजे पूर्वजच परत आले, असं आई कौतुकानं सगळ्यांना सांगत सुटली. आमच्या घरची रीत अशी की नाव आत्यानं ठरवायचं आणि बाराव्या दिवशी पाळण्यात घालून बाळाच्या कानात सांगेपर्यंत ते कुणालाही कळू द्यायचं नाही, आईबापालासुद्धा नाही. म्हणजे मी. मी नाव ठरवलं. फार विचार करून, खोडून, बदलून ठरवलं, आणि मनात ठेवलं. सुधीरनं लाडीगोडी लावून पाहिली, माधवीनं बाळंतिणीच्या खाटेवरून "नुसतं पहिलं अक्षर तरी सांगा वो" म्हणून पाहिलं. मी बधले नाही. तेवढा दिमाख आत्याला असतोच. बारशाच्या आत बाळ गेलं. रात्री दूध प्यायलं, सकाळी उठलंच नाही. एवढंच.

नाव न ठेवलेल्या लेकराला अग्नी देत नाहीत. सुधीर तिला दुपट्यात गुंडाळून सुखना नदीच्या अंगाला घेऊन गेला. माती सारखी करून वर एक दगड ठेवला, कुत्र्यांनी उकरू नये म्हणून. घरी आल्यावर त्यानं हे सगळं सांगितलं, दगड केवढा होता तेही हातानं दाखवलं, आणि मग तो त्याबद्दल पुन्हा कधी बोलला नाही.

ज्या दिवशी बारसं व्हायचं होतं, त्या दिवशी संध्याकाळी दारावरची बेल वाजली. आवतण सगळ्यांना गेलं होतं. ते मोडल्याचा निरोप मात्र समोरच्या इमारतीतल्या दोन बायकांपर्यंत पोचला नव्हता. दोघी जरीच्या साड्या नेसून, गजरे माळून, हातात झबलं-टोपडं घेऊन उभ्या. मी दारातच थिजले. आई पुढे झाली. तिनं दोघींना बसवलं, हळदीकुंकू लावलं, हातावर साखर ठेवली. आतल्या खोलीचं दार बंद होतं आणि माधवी त्याच्या पलीकडे होती. त्यातली एक हसून म्हणाली, "आम्हाला उशीर झाला वाटतं. काय ठेवलं मग नाव?"

आई म्हणाली, "अजून ठेवायचंय."

त्या गेल्या. झबलं घरात राहिलं. आईनं मला स्वयंपाकघरात ओढून नेलं आणि माझं मनगट धरून म्हणाली, "ते नाव आता तोंडातून काढायचं नाही. कधीच नाही. न ठेवलेल्या नावानं हाक मारली की ते ओ द्यायला येतं. आणि यायला त्याच्याजवळ अंग नसतं."

मी इतिहास शिकवते. मुलांना पुराव्याशिवाय काही मानू नका म्हणते. पण खरं सांगते, तेव्हापासून मी ते नाव मनातसुद्धा पुरतं उच्चारलेलं नव्हतं. मधेच थांबायची. वर्गात त्या नावाची मुलगी आली तर काय करायचं, याची मला जूनमध्ये धास्ती वाटायची.

माधवीनं कधी विचारलं नाही. ती रडायची, पण तिचं रडणं फार विचित्र होतं. पिशोरला बायका रडतात तेव्हा नाव घेऊन रडतात, गेलेल्याला हाका मारतात, त्याला रागावतात, त्याचं काय काय राहिलं ते सांगतात. त्यानं छाती हलकी होते. ही तोंड उघडायची आणि तिच्या तोंडून नुसता आवाज यायचा. एकदा मला म्हणाली, "कुणाला हाक मारू हो ताई? बाळ म्हणू? बाळ तर सगळ्यांचंच असतं."

तर तो ठिपका. त्या दिवशी पानं वाढली, कावळ्यानं वड्याला तोंड लावलं, आणि जेवता जेवता माधवीनं आम्हाला दगडांच्या नावांची सगळी हकिकत सांगितली. इतकी बोलताना मी तिला कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. पहिला सापडला तेव्हा त्याला पिकापाण्याच्या देवीचं नाव दिलं. मग आणखी सापडत गेले, देव्या संपल्या, दगड काही संपेनात. मग शोधणाऱ्यांनी आपल्या बायकांची, लेकींची, गावांची, फुलांची नावं दिली. एकानं मांजराचं दिलं, तेव्हा पाळीव जनावरांची नावं बरी नव्हेत असं समितीला सांगावं लागलं. समिती जगभरच्या खगोलवाल्यांची. नाव सोळा अक्षरांत बसलं पाहिजे, जिभेवर बसलं पाहिजे, कुणाला झोंबता कामा नये, त्यातून माल विकता कामा नये. पुढारी आणि सेनापती असतील तर मेल्यावर शंभर वर्षं थांबायचं. यावर सुधीर बऱ्याच दिवसांनी हसला. म्हणाला, "हा नियम आपल्या चौकातल्या फ्लेक्सना लावा, चौक दिसायला लागतील."

आमचं शहर नावांच्या बाबतीत तसं अनुभवीच. पाट्या बदलल्या, तिकिटं बदलली, आणि रिक्षावाल्याच्या तोंडी सकाळी एक नाव असतं, दुपारी दुसरं. पण सगळ्यांत जुनं नाव खडकी. खडकांचं गाव. वर काहीही लिहा, बोअर मारायला गेलं की खालून तोच आवाज येतो.

गुरूच्या पुढे आणि मागे दगडांच्या दोन टोळ्या चालतात, माधवी सांगत होती. त्यांना ग्रीकांच्या जुन्या युद्धातल्या दोन फळ्यांच्या वीरांची नावं दिली आहेत. पण ही वाटणी ठरायच्या आधीच एकेक वीर चुकून शत्रूच्या गोटात पडला, तो अजून तिथंच फिरतोय. कुणी परत आणू शकत नाही. नेपच्यूनशी ताल धरून फिरणाऱ्यांना पाताळातल्या देवांची नावं. आणि ज्यांना नाव नाही असे लाखो. ते गप्प फिरतात. डोक्यावर एवढे सगळे बिननावाचे फिरताहेत हे मला आधी माहीत नव्हतं, आणि ते माहीत नव्हतं तेव्हा मी सुखी होते.

"मग तुझ्या दगडाचं नाव काय?" सुधीरनं विचारलं.

"आत्ता नाव नसतं. आधी नुसती खूण. साल, मग पंधरवड्याचं अक्षर. वर्षाचे चोवीस पंधरवडे करतात. सप्टेंबरच्या दुसऱ्याचं अक्षर एस."

पंधरवड्यांवर जग चालवणारे आपण एकटेच, असा माझा समज होता. त्या वर्षी आमचा पक्ष आणि त्यांचा एस बहुतेक एकमेकांवरच आले होते.

"मग पुन्हा पुन्हा दिसावा लागतो," ती म्हणाली. "वर्षानुवर्षं. वाट पक्की कळली की क्रमांक मिळतो. क्रमांक मिळाला की ज्यानं पहिल्यांदा पाहिला त्यानं नाव सुचवायचं, आणि ते का ठेवलं ते थोडक्यात लिहून द्यायचं. दिसलाच नाय तर हरवला म्हणतात. हरवलेल्याला नाव मिळत नाय."

सुधीर हात धुवायला उठला. ती माझ्याकडे वळली.

"ताई, तुम्ही नाव ठरवलं व्हतं."

मी ताटाकडे बघत राहिले.

"मला ते पायजे. या दगडाला."

"दगडाला कशाला गं?"

"माझ्या आजोबाचं नाव धोंडो. त्याच्या आधीची चार गेली, म्हणून ह्याचं नाव धोंडो ठेवलं, दगडाला कोण नेतंय म्हणून. लई म्हातारा होऊन मेला. पोर जगावं म्हणून पोराला दगडाचं नाव देतात, मग मी दगडाला पोरीचं दिलं तर काय बिघडलं? तो तर कुठं जात नाय. फिरून फिरून येतो."

मला आईची पकड मनगटावर जाणवली. मी म्हटलं, "क्रमांक मिळू दे. मग सांगते." वेळ मारून नेली, दुसरं काय! मनात म्हटलं, तोवर कोण जाणे काय होतं.

दोन वर्षं ती थांबली. मधेमधे तिचा निरोप यायचा, 'ढग होते', 'चंद्र आडवा आला', 'अजून नाही'. दगड सूर्याच्या पलीकडे गेला की महिनोन् महिने दिसत नाही म्हणे. त्या दिवसांत ती गॅलरीत उभी राहून दिवसाउजेडी वर बघायची. शेजारणींना वाटायचं विमानं मोजते. मला तिच्याबद्दल वाईट वाटायचं, आणि तो दगड हरवावा असंही वाटायचं. हे दोन्ही मला एकाच वेळी वाटत होतं.

यंदाच्या पक्षात तिचा फोन आला. "ताई, जुळला. तुम्ही अमावास्येला या, मग सांगते." तिच्या आवाजात आनंद नव्हता.

सर्वपित्री अमावास्या ही सगळ्यांची. ज्याची तिथी माहीत नाही, ज्याचं कुणी उरलं नाही, त्या सगळ्यांचं त्या दिवशी एकदम. मी गेले. जेवणं झाली, सुधीर कामावर गेला, ऊन उतरलं. माधवीनं फोन माझ्यासमोर धरला.

तिचा दगड आधीच एकदा दिसला होता. एका दुर्बिणीनं टिपला होता, जी आपोआप फिरते आणि आपोआप बघते. थोड्याच रात्री दिसला, मग हरवला. कुणा माणसानं त्याकडे पाहिलंच नव्हतं. यंत्रानं पाहिला आणि यंत्रानंच सोडून दिला. माधवीच्या निरीक्षणांमुळे तो पुन्हा सापडला, पण मान पहिल्यांदा टिपणाऱ्यांचा. पुढेमागे नाव ठेवलं तर ते ठेवतील. खूणही आता जुनीच धरायची.

"साल बघा, ताई."

मी साल बघितलं. त्यापुढचं अक्षर बघितलं. एस. ती जन्मली ते साल, तो पंधरवडा. पोरगी घरात होती तेव्हाच तो दगड वर दिसत होता, आणि ती गेल्यावर तोही गेला. योगायोग असतो, मी शिकवते मुलांना. असे लाखो दगड असतात, त्यातले शेकडो त्याच पंधरवड्यातले असणार. हे सगळं मी तिला म्हटलं. ती ऐकत होती आणि छताकडे बघत होती.

"योगायोगच असणार," ती म्हणाली. "दगडाचं नाव गेलं. जाऊ द्या. त्याला त्याचे लोक ठेवतील कायतरी. पण ताई, मला तरी सांगा. मी आई हाय तिची. मला हाक मारायचीय."

दिवेलागण झाली होती. खाली वाहनतळावर पोरं खेळत होती, विमानतळाच्या बाजूला लाल दिवे लागले होते. या वेळेला कुणाला मोठ्यानं हाक मारू नये, आणि कुणी मारली तर पहिल्या हाकेला ओ देऊ नये, हे आम्हाला लहानपणापासून सांगितलेलं. मला भीती वाटत होती. पण समोर बाई उभी होती, आणि तिच्याजवळ इतक्या वर्षांत रडायला एक शब्द नव्हता, आणि तो माझ्याजवळ होता. आईची मी मनातल्या मनात क्षमा मागितली. आईला तरी तिचं नाव दरवर्षी मिळतं.

मी माधवीच्या कानाशी वाकले. बारशाला आत्या करते तसंच केलं. आधी 'कुर्रर्र' म्हटलं, आणि मग ते नाव सांगितलं. पहिल्यांदाच पुरतं. इथं मी ते लिहिणार नाही. ते तिच्या आईच्या कानात आहे.

आत्या कुर्र करते तेव्हा मागच्या बायका तिच्या पाठीत बुक्के घालतात, अशी रीत आहे. मागे कुणी नव्हतं. पण माधवीनं दोन्ही हात माझ्या गळ्यात टाकले आणि माझ्या पाठीवर एक बुक्का मारला. मग दुसरा. मग ती मारतच राहिली, जोरजोरात, मला श्वास घेता येईना, आणि तिच्या तोंडून ते नाव फुटलं. पिशोरच्या बायकांसारखा हेल काढून तिनं हाक मारली, एकदा, दोनदा. तुझं झबलं तसंच राहिलं गं, म्हणाली. तिसऱ्यांदा तिनं इतक्या मोठ्यानं हाक मारली की सगळ्या इमारतीला ऐकू गेली असेल.

"ओऽऽ!"

खालून. पोरीचा आवाज. बारीक, धापा टाकणारा.

माझ्या पाठीवरचा माधवीचा हात थांबला. आम्ही दोघी तशाच उभ्या होतो आणि खालून पुन्हा आलं, "काय गंऽ?" मग कळलं, खालच्या पोरीचंही नाव तेच. नावं काय, ज्याला सुचतील तो ठेवतो. माधवीच्या इमारतीत नवीन भाडेकरू आले होते, त्यांची असणार. मी गॅलरीतून वाकून पाहिलं. दिव्याखाली एक मुलगी वर तोंड करून उभी होती, सहासात वर्षांची, गुडघा सोललेला, कुठल्या मजल्यावरून हाक आली ते शोधत होती.

माधवी माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. पदरानं तोंड पुसलं. बराच वेळ तिनं त्या पोरीकडे पाहिलं. मग कठड्यावरून वाकून, नाव घेऊन, अगदी साध्या आवाजात तिला म्हणाली, "तुला नाय गं. खेळ तू."